अकरा मिनिटांचा सराव

श्यामकांत दातार हा नियमाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात येऊन त्याला चौदा वर्षं झाली, पण सिग्नल लाल असताना त्याने सायकल कधी पुढे काढली नाही, मग रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा का असेना. कचऱ्याचा हिरवा डबा कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा आणि करडा कोणत्या, हे शेजारचे डच लोक त्याला विचारायला येत. नोकरीही स्वभावाला साजेशी. एका लॉजिस्टिक्स कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधायची, तिला नंबर द्यायचा आणि यादीत टाकायची. स्वतःची एक चूक मात्र त्याने कुठल्याच यादीत टाकलेली नव्हती, आणि ही गोष्ट तिचीच आहे.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी तो घरूनच काम करत होता, वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत. त्याची बायको चित्रा खाली स्वयंपाकघरात होती. भरदुपारी मागच्या गल्लीतून दोन माणसं आली. मागचं दार नुसतंच लोटलेलं होतं. त्यांनी चित्राच्या गळ्यातलं ओढून घेतलं, तिला जिन्याखालच्या कपाटात ढकललं, बाहेरून खिटी लावली आणि खालच्या खोल्या उपसायला घेतल्या. अकरा मिनिटांनी ती आली तशी गेली. माणसं सापडली नाहीत, मंगळसूत्रही सापडलं नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा श्यामकांतने सांगितलं, मी वर कॉलवर होतो, कानाला हेडफोन होते, मला काही ऐकू आलं नाही. पोलिसाने लिहून घेतलं. चित्रा शेजारीच बसून ऐकत होती.

हे खोटं होतं. कॉल केव्हाच संपला होता, हेडफोन टेबलावर पडले होते आणि श्यामकांत संत्रं सोलत होता. खाली पातेलं पडलं, मग अनोळखी पुरुषी आवाज आला, मग चित्राचा "नो, नो" आला, तो त्याने स्वच्छ ऐकला. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि दार उघडायच्या ऐवजी त्याने आतून किल्ली फिरवली. फोन खिशात होता. बोललो तर आवाज खाली जाईल म्हणून त्याने तो लावलासुद्धा नाही. एकजण जिन्याच्या चार-पाच पायऱ्या चढून आला, दुसऱ्याने त्याला हाक मारून परत बोलावलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळात दोन सव्वीसचे दोन सदतीस झाले. श्यामकांत दाराला पाठ लावून उभा होता आणि हातातल्या संत्र्याचा रस मनगटावरून बाहीत जात होता.

भित्रा माणूस म्हणून त्याला नावं ठेवायला कुणाचं काय जातं? मीही ठेवली असती. पण त्या जागी उभं राहिल्याशिवाय आपण कोण आहोत हे कुणालाच कळत नाही, आणि श्यामकांतला ते एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. कळल्यावर ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

मग त्याने ठरवलं की पिस्तूल चालवायला शिकायचं. ग्रोनिंगनला शिकणारी मुलगी वैदेही फोनवर म्हणत होती, बाबा, जस्ट गेट अ कॅमेरा. पण कॅमेऱ्याने चोर दिसला असता, श्यामकांत बदलला नसता.

इथेच त्याने आपल्याकडच्या माणसाला शोभेल अशी चूक केली. सांगलीला त्याच्या थोरल्या काकांकडे लायसनचं रिव्हॉल्वर होतं. अर्जात कारण लिहिलेलं होतं, स्वसंरक्षण. तिकडे दुसरं काही लिहिलं तर साहेब भुवया उंचावतो. म्हणून श्यामकांतने पहिल्या नेमबाजी क्लबच्या अर्जावर, हेतूच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात 'सेल्फ प्रोटेक्शन' लिहिलं. क्लबच्या सेक्रेटरी बाईंनी अर्ज वाचला, त्याला छान कॉफी दिली, एक बिस्किटही दिलं, आणि अर्ज परत त्याच्या हातात ठेवून दारापर्यंत सोडायला आल्या. या देशात बंदुकीला ज्या एका कारणासाठी कायमचा नकार आहे ते कारण त्याने पहिल्याच ओळीत लिहून टाकलं होतं.

दुसरा क्लब ट्रेनने अर्ध्या तासावर होता. तिथे त्याने 'खेळ' असं लिहिलं. घेमेंटेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, चारित्र्याचा दाखला आणला. त्याच्या नावावर साधा सायकलचा दंडही नव्हता, त्यामुळे दाखला चुटकीसरशी मिळाला. वर्षभर उमेदवारी करायची, क्लबचंच पिस्तूल वापरायचं, दर खेपेला पुस्तिकेत शिक्का घ्यायचा, मग पोलिसांकडे परवान्यासाठी अर्ज. आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाने आता खोटं बोलून नियम पाळायला सुरुवात केली.

क्लब म्हणजे औद्योगिक वसाहतीतली एक बिनखिडक्यांची लांबट इमारत. आत सहा मार्गिका, टोकाला कागदी निशाण. वर देखरेखीला खेरिट नावाचा सत्तरीचा निवृत्त पोस्टमन. पिस्तूल पेटीतून फक्त टेबलावरच काढायचं. नळी सदैव समोर. एका वेळी पाच गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर हात खाली. कमरेला लावून उपसायचं नाही. चालायचं नाही, वाकायचं नाही, वळायचं तर मुळीच नाही. निशाण गोलच हवं, माणसाच्या आकाराचं आणलं तर सदस्यत्व रद्द. दोन गोळ्या पाठोपाठ सुटल्या तर खेरिट मागून येऊन खांद्याशी उभा राही आणि म्हणे, मिस्टर दातार, घाई कसली?

श्यामकांतला घाईच शिकायची होती. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून पाहून त्याला सगळं पाठ झालं होतं. पिस्तूल कमरेवरून कसं उपसायचं, भिंतीला लागून कोपरा कसा ओलांडायचा, छातीवर दोन गोळ्या कशा मारायच्या. आणि इथे तो शनिवारमागून शनिवार एका चौकटीत पुतळ्यासारखा उभा राहून कागदाला सावकाश भोकं पाडत होता. समोर गोल दिसत असे, त्याच्या डोक्यात मात्र आपला जिना असे. तेरा पायऱ्या, चौथी करकरते. तो जिना कधी उतरायला मिळत नव्हता. मार्गिकेच्या दोन भिंतींमध्ये उभं राहिलं की त्याला वाटे, आपण अजून त्याच खोलीत आहोत, फक्त खोली लांब केली आहे.

म्हणून मग उरलेला सराव त्याने घरी सुरू केला. गोदामातल्या खोक्यांवरचे बारकोड वाचायचं पिस्तुलाच्या आकाराचं यंत्र ऑफिसने त्याला टेस्टिंगसाठी दिलं होतं. ते तो पॅंटमध्ये खोचायचा, उपसायचा, दारावर रोखायचा, घोडा दाबायचा. दारावर लाल रेघ उमटायची. टेस्टरच तो, त्यामुळे रीतसर तक्ता केला. आवाज ऐकणे, दोन सेकंद. परवाना मिळाल्यावर पिस्तूल आणि गोळ्या वेगवेगळ्या तिजोऱ्यांत ठेवाव्या लागणार, म्हणून दोन तिजोऱ्या उघडणे, पन्नास सेकंद. गोळ्या भरणे, वीस सेकंद. दार उघडणे. या ओळीपुढचा रकाना तो रोज मोकळा सोडायचा आणि खाली उतरणे या ओळीवर जायचा.

एका दुपारी त्याने यंत्र उपसून दारावर रोखलं आणि नेमकं दार उघडलं. चहाचा कप घेऊन चित्रा उभी होती. लाल रेघ तिच्या गळ्यावर पडली होती, जिथे आता काही नव्हतं. दाराला आतून कुलूप लावायची सोय राहिली नव्हती. त्या घटनेनंतर आठवड्याभरात किल्ली कुठेतरी हरवली होती, आणि त्या दाराकडे बघणंच नकोसं वाटत असल्याने त्याने ती शोधलीही नव्हती.

"टेस्टिंग," तो म्हणाला.

चित्राने कप टेबलावर ठेवला, तक्त्याकडे एकदा पाहिलं आणि ती खाली गेली. संध्याकाळी तिने पिठलं केलं. तशी ती दोघं वर्षभर बोलतच नव्हती म्हणा ना. दूध संपलंय, वैदेहीचा फोन आला होता, एवढंच. श्यामकांतला वाटे, ती घाबरली आहे. मी एकदा तयार झालो की तिची भीती जाईल, आणि मग मला तिच्याकडे नीट बघता येईल.

वर्ष भरायला दोन शनिवार उरले होते. पुस्तिकेत एकतीस शिक्के जमले होते, लागत होते अठराच. त्या दिवशी श्यामकांतने नवे कानपट्टे आणले होते, व्हिडिओतल्यासारखे. गोळीचा आवाज दाबणारे, पण बारीक आवाज मोठे करून ऐकवणारे. चौथ्या मार्गिकेत त्याच्या तीन गोळ्या झाल्या, दोन राहिल्या. तेवढ्यात पाठीमागे कुणीतरी आत येऊन लोखंडी दाराची कडी घातली. खट् आवाज त्याच्या थेट डोक्यात शिरला. तो वळला. पिस्तूल हातात, दोन गोळ्या आत, बोट घोड्यावर, आणि समोर खेरिट.

खेरिट ओरडला नाही. टपालपेटीजवळच्या कुत्र्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "खाली ठेवा. टेबलावर. हळू." श्यामकांतने ठेवलं. बाकीच्या पाच मार्गिकांतली माणसं जिथल्या तिथे थिजली होती. सगळ्यात वाईट गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक होती. त्याने नेम धरला नव्हता. भीतीने वळताना त्याचे डोळे मिटलेले होते.

कॅन्टीनमध्ये खेरिटने त्याची पुस्तिका मागून घेतली. आता ती परत मिळणार नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या क्लबातही प्रवेश नव्हता. श्यामकांतने तोडक्यामोडक्या डचमध्ये सांगायला सुरुवात केली की माझ्या घरी एकदा… खेरिटने हात वर केला.

"सांगू नका. सांगितलंत तर मला ते अहवालात लिहावं लागेल. ज्याला सांगायचं त्याला सांगा."

ट्रेनमध्ये श्यामकांत दाराजवळ उभा राहिला, जागा रिकामी होती तरी. एक खोटं पोलिसांच्या कागदावर होतं, दुसरं क्लबच्या अर्जावर. दोन्हीतून सुटायची वाट एकाच माणसाकडून जात होती, आणि त्या माणसापुढे तोंड उघडायचं म्हणजे सव्वीस वर्षांचा संसार पणाला लावायचा. ती निघून गेली तर? ती गेली नाही आणि नुसती बघत राहिली तर?

चित्रा जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होती. तो कोट न काढताच समोर बसला.

"क्लबने काढून टाकलं मला," तो म्हणाला. "आणि चित्रा, त्या दिवशी मी हेडफोन…"

"लावले नव्हतेत," चित्रा म्हणाली. तिने हातातली जुडी खाली ठेवली नाही. "किल्ली फिरलेली मी ऐकली. ती दोघं मला कपाटाशी ओढत होती. कपाटाच्या बरोबर वर जिना आहे अहो. वरची खुर्ची सरकली तरी आत ऐकू येतं."

श्यामकांत मेथीच्या पानांकडे बघत राहिला.

"आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, हे तरी वाचले. म्हणून मी ओरडलेसुद्धा नाही, वर कुणी आहे हे त्यांना कळू नये म्हणून. तो जिना चढायला लागला तेव्हा मी पदर तोंडात कोंबला होता. मग ते गेले. तरी तुम्ही खाली आला नाहीत. दोन मिनिटं आला नाहीत. त्या दोन मिनिटांचा राग आहे मला. अजून आहे."

तिने उठून मिसळणाचा डबा काढला. हळदीच्या वाटीखालून एक छोटी पितळी किल्ली काढून त्याच्यासमोर ठेवली. किल्ली पिवळी झाली होती.

"मीच काढून घेतली होती. वर्षभर वाट पाहिली, तुम्ही कधी सांगताय. तुम्ही पिस्तूल शिकत बसलात." ती थोडी थांबली. "खरा सराव करायचाय ना तुम्हाला? चला."

तिने जिन्याखालचं कपाट उघडलं. श्यामकांतला समजलं. तो कोटासकट आत गेला आणि व्हॅक्यूम क्लीनर आणि कांद्याच्या पिशवीमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"अकरा मिनिटं," चित्रा म्हणाली आणि तिने बाहेरून खिटी लावली.

आत कांद्याचा आणि धुळीचा वास होता. डोक्यावरून तिची पावलं चढत गेली, तेराच्या तेरा, चौथी पायरी करकरली. वरचं दार लागलं. मग किल्ली फिरली, आणि तो आवाज कपाटात इतका जवळून आला की श्यामकांतने दोन्ही कान झाकले. तिने हे ऐकलं होतं. हे ऐकून ती इथे तोंडात पदर कोंबून त्याला वाचवत बसली होती. त्याला हाक मारावीशी वाटली, पण तिने मारली नव्हती, म्हणून त्यानेही मारली नाही. हातातलं घड्याळ अंधारातही दिसत होतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. तो रडायला लागला आणि तेही त्याने आवाज न करता केलं.

चौथ्या मिनिटाला वरची किल्ली पुन्हा फिरली. पायऱ्या भराभर वाजल्या, मध्ये एक चुकली, आणि चित्राने कपाटाचं दार उघडलं. तिला धाप लागली होती. तिला अकरा मिनिटं वर बसवलं नव्हतं.