पालथा ठेवलेला कॅमेरा

माझी थोरली लेक दिवसभर कानाच्या यंत्रांच्या दुकानात दुरुस्ती करते आणि घरी आली की जुने रंगीत व्हिडिओ कॅमेरे उघडून बसते. वय अडतीस. पाठ धरलेली, चष्म्याचा नंबर वाढलेला. हे कॅमेरे खांद्यावर घ्यायचे आणि जाड वायरीने जोडलेला रेकॉर्डर दुसऱ्या खांद्याला अडकवायचा. मागच्या खोलीत असे नऊ आहेत. धाकटा चिडवतो, "ताई, भंगारवालाही हे उचलताना दोनदा विचार करेल." ती मान वर न करता म्हणते, "बरंय की, मला स्पर्धा नाही."

यंदा दुकानावरून तिचं मन पार उडालं होतं. अशात एका टीव्ही संग्रहालयातून बोलावणं आलं. एक चालू कॅमेरा आणून दाखवा, चित्र स्वच्छ आलं तर जुनी यंत्रं सांभाळायची कायमची नोकरी. चार महिने ती एकाच कॅमेऱ्यावर बसली. गळलेले कपॅसिटर बदलले, रंग जुळवले. शेवटी टीव्हीवर माझा हिरवा स्वेटर हिरवाच दिसला, तेव्हा किती दिवसांनी हसली.

जायच्या आदल्या दिवशी ती कामावर असताना मी खोली आवरायला घेतली. कॅमेरा अगदी टेबलाच्या कडेला. माझ्या जिवाला घोर. मी तो कपाटात ठेवला, मऊ टॉवेलवर, भिंग खाली करून. धुतलेली भांडी पालथी घालते ना, तसा. धूळ जाऊ नये म्हणून.

सकाळी तिने तो टीव्हीला जोडला. चित्रात तीन काळे ठिपके.

"आई, हा कपाटात कोणी ठेवला?"

"मीच. का गं?"

तिने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "आत चित्र पकडणारी काचेची नळी असते. भिंग खाली केलं की आतले कण तिच्या तोंडावर येऊन बसतात. आणि ही नळी आता कुठेच बनत नाही."

मग भिंग वर करून तिने पेन्सिलीने हलकेच टकटक केलं. दोन ठिपके सरकले. तिसरा मधोमध ठाण मांडून.

"मी येते बरोबर. सांगते त्यांना."

"काय सांगशील? मुलगी हुशार आहे, आईच वेंधळी?"

एकटीच गेली. संध्याकाळी आली ती पाय ओढत. तिथल्या बाईंनी ठिपक्याचं कारण विचारलं, तर हिने सांगितलं, चूक माझी, कसा ठेवायचा हे घरात सांगितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, काम उत्तम आहे, पण डाग चालणार नाही. महिन्याभरात स्वच्छ चित्र दाखवा.

चहाही न घेता तिने दुसरा कॅमेरा पुढे ओढला. तिने सगळ्यात आधी दुरुस्त केलेला तो. त्याची नळी ती ठिपक्याच्या कॅमेऱ्यात बसवणार होती; नळी काढली की तो कायमचा आंधळा.

"हा राहू दे ना गं."

"मग काय, दुकानातच म्हातारी होऊ?" तिने माझ्या हातात बशी दिली. "स्क्रू देते त्याच क्रमाने ठेव. आणि हलवू नकोस."

खांदा भरून आला, तरी मी बशी हलू दिली नाही.