ठिपक्यांच्या गावातल्या सासूबाई

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे बसून एक बाई दिवसभर माणसांना आजारी पाडते. कॉम्प्युटरवर. साथ कुठून कशी पसरेल, ते आधीच कळावं म्हणून. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे शहरातला एक माणूस. निळा धडधाकट, लाल तापाने फणफणलेला. ऑफिसात तिला ठिपकेबाई म्हणतात.

यंदा फ्लूची साथ आली आणि ठिपके रुसले. पडद्यावर साथ शाळांमधून रमतगमत पसरत होती. खऱ्या शहरात ती म्हाताऱ्यांच्या घरांतून सुसाट सुटलेली. लस थोडीच आली होती. ती आधी कुणाला टोचायची, हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं.

"तोवर जुळलं नाही तर तुझे ठिपके कपाटात," साहेब म्हणाले. "मी आपला चिठ्ठ्या टाकतो."

गुरुवारी ती घरी येऊन सोफ्यावर आडवी झाली. सासूबाई चपला शोधत होत्या.

"कुठे निघालात, आई?"

"शेजारणीला ताप आलाय, बघून येते. तिथून खालच्या मजल्यावर. मग शिंपीणबाईंकडे. त्यांना अजून पत्ताच नाही!"

"कशाचा?"

"शेजारणीला ताप आल्याचा!"

ठिपकेबाई ताडकन उठून बसली. तिचे सगळे ठिपके कामावरून येऊन सोफ्यावर पडत होते, थेट तिच्यासारखे. आजाऱ्याची विचारपूस करायला एकही मेला उठत नव्हता!

सकाळी तिने मूठभर नवे ठिपके सोडले. लाल दिसला की तिकडे धावायचं, मग चार घरी सांगत सुटायचं. फाइलला नाव दिलं 'सासू'. पडद्यावर लाली घराघरांतून उधळली आणि इस्पितळातून आलेल्या खऱ्या रुग्णांच्या आलेखावर, डब्यावर झाकण बसावं तशी बसली. पुन्हा चालवलं, पुन्हा बसली. ठिपकेबाई खुर्चीसकट गरगर फिरली. मग तिने आधी सासवांनाच लस टोचली. साथ फुस्स!

"बैठकीत काय सांगू?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "आधी सासवा?"

"विचारपूस करणारे म्हणा, साहेब."

बैठकीत तेच ठरलं. शनिवारी लसीच्या रांगेत सासूबाई पहिल्या.

"म्हणजे साथ मी पसरवते?"

"आई, तुमच्यावाचून माझं अख्खं गाव चुकत होतं."

सासूबाईंनी यावर विचार केला आणि बाही वर सरकवली.

टोचून झाल्यावर नर्स म्हणाली, "आजी, आता अर्धा तास इथेच बसा."

"अर्धा तास? एका जागी?"

सासूबाई बसल्या, जरा चुळबुळल्या आणि शेजारच्या खुर्चीकडे वळल्या.

"तुम्हाला कळलं का, आमच्या सुनेने काय केलंय ते?"