मोठ्या हाराचा सर्व्हर

आधी तो चहा संपवा. ऐकताना ठसका लागला तर तोही माझ्याच नावावर जायचा.

सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं खातं म्हणजे मी एकटा. सगळी ड्रॉइंग एका सर्व्हरवर. तो बसला तर कारखाना बसला, म्हणून साहेबांनी गेल्या वर्षी तसाच दुसरा आणला. तसाच म्हणजे इतका, की जन्मदात्या आईनंही फसावं. पहिल्यावर जे होईल ते दुसऱ्यावर आपोआप उतरायचं, एवढंच काम.

मी पहिल्यावरचं सगळं एकदा दुसऱ्यावर उतरवून ठेवलं. रोजचं मात्र सुरू केलं नाही. का? पितृपक्ष लागला हो! म्हटलं, खंडेनवमीला मशीनची पूजा असतेच, त्याच मुहूर्तावर करू. साहेबांना पटलं. यावरून तुम्हाला साहेबांचीही कल्पना येईल.

मधल्या काळात डिझाइनच्या वैशाली मॅडमनी मान मोडून नव्या डायची, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याची, ड्रॉइंग केली. दसरा झाला की गिऱ्हाईक बघायला येणार. पसंत पडली तर वर्षभराचं काम, नाहीतर मशीनला नुसतंच कुंकू.

खंडेनवमी उजाडली. घरची मंडळीही आली. मी दोन्ही सर्व्हर असे पुसले, की नावाच्या चिठ्ठ्याही निघाल्या. पण मी काय कच्चा आहे? मोठा हार मुख्य सर्व्हरला, लहान दुसऱ्याला, असं बायकोला दाखवून दिलं आणि पेढे आणायला गेलो.

आरती झाली. मी मोठ्या हाराच्या सर्व्हरला कीबोर्ड जोडला आणि हुकूम सोडला, तुझ्यावर आहे तसंच त्या शेजारच्यावर कर. टाळ्या पडल्या. पेढे वाटले.

थोड्या वेळानं वैशाली मॅडम आल्या. "भाऊ, माझी डाय कुठंय?"

बघितलं. दोन्ही सर्व्हर तंतोतंत सारखे होते. दोन्हींवर डाय नव्हती. कारखाना पितृपक्षात परत गेला होता.

मी बायकोकडे वळलो.

"मोठा हार मी दुसऱ्याला घातला," ती म्हणाली. "पहिल्याचं कौतुक रोजच असतं. हा बिचारा आल्यापासून नुसता उभा आहे."

"मी सांगितलं होतं ना तुला?"

"तुम्ही घरीही बरंच सांगता."

साहेब हातातल्या पेढ्यासकट स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं, एवढंच पुटपुटत होते.

वैशाली मॅडमनी शांतपणे पर्स उघडली आणि पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. डाय त्यात होती. सगळी.

"तुम्ही कधी घेतलीत?" मी विचारलं.

"आज सकाळी. काल तुम्ही म्हणालात ना, उद्यापासून बॅकअप मी सांभाळतो. मग म्हटलं, आपली आपल्याजवळ असलेली बरी."

काम मिळालं. यंदा मोठा हार पेनड्राइव्हला होता, म्हणे. हारात तो दिसतसुद्धा नव्हता. मी काही बघितला नाही. खंडेनवमीची मला साहेबांनी भरपगारी रजा दिली. मी मागितली नव्हती.