मालकाची रजा नामंजूर

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत शेजारच्या खोलीत लिओनार्ड राहतो. पाव-केकच्या एका कंपनीचा टेम्पो चालवतो. करारात मात्र लिहिलेलं, 'फ्रँचायझीधारक, स्वतंत्र व्यावसायिक'. टेम्पोवर नाव कंपनीचं, अंगात शर्ट कंपनीचा, कुठल्या रस्त्याने जायचं तेही कंपनीच सांगणार. असला मालक मी तरी दुसरा पाहिला नाही.

आमचे हे, रमाकांत, जन्मभर कारकून. कुणी साधा अर्ज दिला तरी विचारणार, "पोच घेतलीस का?" म्हणजे आपल्या प्रतीवर साहेबाची सही आणि शिक्का. मी त्यावरून यांची भरपूर टिंगल केली. लिओनार्डने मात्र ते मनावर घेतलं आणि प्रत्येक पोच यांच्याकडे ठेवायला आणून दिली.

पाच वर्षांपूर्वी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. आमची मुलगी दीपिका परदेशात. लिओनार्डने दोन दिवसांची रजा मागितली. साहेबाने अर्जावर 'नामंजूर' लिहून शिक्का मारला. तरी हा पठ्ठ्या दोन दिवस ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसून होता. शिक्षा म्हणून कंपनीने त्याला आठवडाभर घरी बसवलं, तेही लेखी.

पुढे क्रेट उतरवताना त्याचा खांदा मोडला. बरा होऊन कामावर गेला, तर साहेब म्हणाला, "करार संपला. तू कुठे आमचा नोकर?"

"काकी, मग अकरा वर्षं मी कोण होतो?" लिओनार्डने मला विचारलं.

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. कंपनीचे वकील एकच पालुपद लावून बसले, हा स्वतःच्या धंद्याचा मालक आहे. यांनी जपून ठेवलेला तो रजेचा अर्ज आणि शिक्षेचं पत्र लिओनार्डच्या वकिलाने पुढे केलं. न्यायाधीश बाईंनी दोन्ही वाचून विचारलं, "मालकाची रजा नामंजूर कोण करतं हो?"

निकाल लागला: लिओनार्ड कामगारच, त्याला कामावर परत घ्या.

केक घेऊन तो यांच्या पाया पडायला आला. मी म्हटलं, "अरे, उपकार तुझे आमच्यावर."

"काकी, तुमच्यासाठी रजा मागितली म्हणून तर वाचलो!"

परवा माझी तपासणी आहे. मला न्यायला त्याने पुन्हा रजेचा अर्ज टाकला. काल संध्याकाळी चपलाही न काढता दारातूनच ओरडला, "काका, पोच!" यांच्याआधी मीच ती हातात घेतली. शिक्क्याखाली 'मंजूर' लिहिलेलं होतं. मला रडूच कोसळलं.