येळवशीला ओसाड ठरलेलं गाव

आंबिलीचा आंबूस वास आला की मला हैदराबादचा तो साहेब आठवतो. मंठाळकडच्या आमच्या गावात त्या दिवशी येळवस, म्हणजे रानात जेवायची वेळा अमावास्या होती. घरांना कड्या घालून सगळं गाव आपापल्या रानात जेवायला गेलेलं. मी नवी सून, रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं आंबील वाढत होते. तेवढ्यात धुरळा उडवत मोटार आली. साहेब बंदरं आणि विमानतळ आखणाऱ्या खात्याचा. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता, तरी पुढच्या पन्नास वर्षांच्या बंदरांचा नकाशा याच्या काखेत! सासऱ्यांनी पाहुणा म्हणून बसवून घेतलं. हिरव्या शेंगा-भाज्यांची पातळ भज्जी ओरपत तो म्हणाला, "यहां हवाई जहाज उतरेंगे. गांव तो वीरान है, एक आदमी नहीं." सासरे म्हणाले, "सायेब, आज येळवस हाय. गाव हितंच जेवायलंय की." त्यानं चहूकडच्या कोप्यांवर नजर फिरवली, हसला, नकाशावर आमच्या गावावर काट मारली आणि वाडगा माझ्यापुढं धरला, "और थोडी." पुढं त्याचं संस्थान गेलं, नकाशाही गेला. गाव अजून येळवशीला ओसाड पडतं आणि दिवेलागणीला भरतं. पन्नास वर्षांपुढचं बघणाऱ्या त्या शहाण्याला तेवढी संध्याकाळ दिसली नाही.