ऑर्डेलाचा हुंकार

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं मक्याचा पाव भाजून ऑर्डेला गेन्स निवृत्त झाली, तरी एक प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी खटल्याची ज्युरी निवडताना, दोन्ही वकिलांचे प्रश्न संपल्यावर, आपल्याला घरी का पाठवलं? नंतर ज्युरीतल्या बारा गोऱ्या माणसांनी थॅडियस प्रूइट या काळ्या पोराला खुनी ठरवून जन्मठेपेला धाडलं. त्यानं खून केला की नाही, तिला ठाऊक नव्हतं. तेच ठरवायला तर ती गेली होती, निळ्या पोशाखाला इस्त्री करून.

मार्चमध्ये थॅडियसची नवी वकील नेओमी एक कागद घेऊन दारात आली.

“मिस ऑर्डेला, तुम्हाला वगळण्याचं कारण सरकारी वकिलानं लिहून ठेवलंय. ‘बचावाच्या वकिलाला हुंकार देते. मत आधीच बनलंय.’”

ऑर्डेला हसतच सुटली. “अगं पोरी, हुंकार मी सगळ्यांनाच देते. आमच्या चर्चमध्ये गप्प बसलं तर पास्टरला वाटतं, बाई झोपली. त्या सरकारी वकिलालाही दिला की.”

“ते कागदावर नाही.”

“स्वतःला मिळालेला त्याला गोड लागला असेल.”

“आणखी कुणी देत होतं?”

ऑर्डेलानं डोळे मिटले. “माझ्या डावीकडे शाळेच्या ऑफिसातली गोरी फे टिलरी बसली होती. तीही चर्चवालीच, माझ्याहून मोठ्यानं हुंकारणारी. तिला मात्र ज्युरीत ठेवून घेतलं.”

“हुंकार तोच, पण काळी बाहेर आणि गोरी आत; रंगावरून वगळल्याचं दिसलं तर निकालच रद्द होतो,” नेओमी म्हणाली, “पण हे फेनं कोर्टात सांगायला हवं.”

दुसऱ्या दिवशी ती फेच्या व्हरांड्यात बसली. आयुष्यभर ती ‘मिस फे’ म्हणत आली होती आणि फे तिला नुसतं ‘ऑर्डेला’.

“मी त्याला दोषी म्हटलंय,” फे म्हणाली. “आता ते चुकलं म्हणू?”

“तसं कोण म्हणतंय? तू हुंकार देत होतीस, एवढंच सांग. आणि मला का काढलं, हे तुला कधीच जाणून घ्यावंसं वाटलं नाही, फे?”

नुसतं ‘फे’ ऐकून फेनं मान वर केली. बराच वेळ ती कुंडीतली वाळकी पानं खुडत राहिली.

सुनावणीला मात्र ती आली आणि आपणही तेव्हा हुंकार देत होतो, असं सांगितलं. सरकारी बाजूचा नवा, तरुण वकील तिच्यापुढे उभा राहिला. “बावीस वर्षं झाली, बाई. माणसाची स्मरणशक्ती दगा देते.”

“हं,” फे म्हणाली.

“भलत्याच गोष्टी खऱ्या वाटू लागतात.”

“हं-हं.”

मागच्या बाकावर ऑर्डेलाही हुंकारली. न्यायाधीशांनी आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहिलं आणि टंकलेखिकेला सांगितलं, “दोन्ही लिहून घ्या.”

जूनमध्ये निकाल आला: शिक्षा रद्द, खटला नव्यानं, नव्या ज्युरीपुढे.

“तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं,” नेओमी फोनवर म्हणाली.

“हं. पण त्यानं खून केला होता का गं?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला अजून कुणी पुरावा दाखवलाच नाही,” ऑर्डेला म्हणाली. खटला कुठल्या तारखेला आहे ते तिनं लिहून घेतलं आणि कपाटातून निळा पोशाख काढला. ज्युरीत नाही तरी मागच्या बाकावर ऐकायला बसायला तर कुणाची ना नव्हती.