पुढच्या सीटवरचा हात

शेजारचे काका निवृत्त बसचालक. दृष्टी अधू झाल्याने डॉक्टरांनी त्यांचे गाडी चालवणे बंद केले, तेव्हापासून ते भेटताच विचारतात, “सर, बिनचालकाची गाडी कधी येणार हो?”

माझ्या नव्या गाडीचा ब्रेक अडथळा दिसताच आपोआप लागतो, म्हणून परवा त्यांना दिंडोरीला नेले. शेजारी बसूनही त्यांचा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधत होता. वाटेत डोक्यावर द्राक्षांचे क्रेट घेतलेली बाई अचानक आडवी आली. मी पाय उचलण्याआधीच गाडी थांबली. बाई मात्र बिचकून जागची हलेना. काकांनी काचेतून हात हलवला, “जा माय, जा!” तेव्हा ती निघाली.

“थांबायला शिकली ही गाडी,” काका म्हणाले, “पण ‘जा’ म्हणायला अजून माणूस लागतो.”

परतताना त्यांचा पाय स्वस्थ होता. हात मात्र तयारीत.